हंकाचे खडे

क्राकोव, पोलंड
१० नोव्हेंबर २०२४

ती. सिंधुआत्यास,
ऋतुजाचा दंडवत.

तुझं पत्र मिळालं. कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवायची तुझी युक्ती एकदम झकास, फक्त फोटो काढताना अंगठा बाजूला ठेवत जा. शेवटच्या दोन ओळी अंगठ्याखाली गेल्या. फोनवरचं तुला ऐकू येत नाही, कानातलं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून तू डब्यात टाकलंस, तेव्हा आता आपलं सगळं बोलणं असंच. मी मोठ्या अक्षरात लिहीत जाईन.

पप्पा म्हणाले, तू रेणापूरला आली होतीस तेव्हा सगळ्यांना सांगत होतीस की आमची ऋतू परदेशात लोकांची धुणीभांडी करते. आत्या, कमाल करतेस! मी लोकांना फिरवते. पायी. शिक्षण संपल्यावर इथल्या एका छोट्या कंपनीत लागले. हलिना नावाच्या बाई आहेत, साठी उलटलेल्या, त्या मुख्य गाईड. त्या इंग्रजीत सांगतात आणि आपल्याकडचे ग्रुप आले की मी मराठी-हिंदीत सांगते. हलिनाबाईंनी मला पूर्ण गाईड करायचं कबूल केलं, तरच माझा इथं राहायचा परवाना पुढं वाढेल. म्हणून मी सध्या लई शहाण्यासारखी वागते.

काय दाखवते ते सांगते. इथं नदीच्या अलीकडं काझिमिएझ म्हणून एक पेठ आहे. शेकडो वर्षं तिथं ज्यू लोक राहायचे. त्यांची देवळं, त्यांचा बाजार, त्यांची भाषा. मग लढाई आली, जर्मन आले. त्यांनी या लोकांना घरांतून बाहेर काढलं आणि नदीच्या पलीकडं चार गल्ल्यांत कोंबलं. भोवती भिंत घातली. एकेका खोलीत तीन-तीन कुटुंबं. दोन वर्षांनी जे उरले होते त्यांना काहींना गाड्यांत भरून मारायला नेलं, काहींना तिथंच रस्त्यावर गोळ्या घातल्या. आता तिथल्या एका चौकात रिकाम्या लोखंडी खुर्च्या मांडून ठेवल्यात, गेलेल्यांची आठवण म्हणून. मागच्या आठवड्यात नांदेडचा एक ग्रुप आला होता. त्यातले एक काका खुर्चीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, पोरी, आता चहा सांग. मला हसावं का रडावं कळेना.

पण ज्या जागी मला रोज गलबलतं ती वेगळीच आहे. जुनं कबरस्तान आहे, तिथं एका म्हाताऱ्या माणसाची कबर आहे. त्याच्या दगडावर सगळ्यात खाली बारीक अक्षरात एका मुलीचं नाव कोरलंय. हंका. त्या म्हाताऱ्याची नात. सहाच वर्षांची होती. तिला नेलं, पुढं तिचं काहीच सापडलं नाही, म्हणून आजोबाच्या दगडावरच नाव. आणि त्या दगडावर खडे ठेवलेत आत्या, नदीतले असतात तसे गुळगुळीत, ओळीनं. तिथं आले की मला तुझी उज्वला आठवते. मी तिला कधी बघितलं नाही, तरी आठवते.

तब्येत सांभाळ. गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
ऋतू


नवं उंबरदरा, ता. औसा
२४ नोव्हेंबर २०२४

चि. ऋतुजीस,
आत्याचे लई आशीर्वाद.

अंगठा बाजूला ठिवलाय, बघ. आता बोलायचं काम न्हाई.

तू लोकांना फिरवतीस हे वाचून बरं वाटलं. मी धुणीभांडी म्हणले ते कामून, तर तू भांडी घासताना दिसावी अशी माझी लई जुनी इच्छा हाय. आईच्या घरी कधी ताट उचललं न्हाईस.

त्या लोकांची उजाड झालेली पेठ बघायला मानसं तिकीट काढून येत्यात म्हण की. आमच्या जुन्या पांढरीत शेळ्या येत्यात. भूकंपानं गाव बसलं, सरकारनं इकडं माळावर सारखी सारखी घरं बांधून दिली, आन् जुन्या गावात बाभळी माजल्या. कुणाचं घर कुठं व्हतं हे आता सांगणारे बी चारदोनच ऱ्हायलो. मी एकदा शेजारच्या कावेरीबाईच्या नातीला घिऊन गेले, म्हणलं हितं आमचा दरवाजा व्हता. ती म्हणली, आजी, फोटो काढू का? काढ म्हणलं बाई.

उज्वलाचं तू लिवलंस. तिच्याबद्दल माझ्याजवळ कुणी बोलत न्हाई आता. तुझा बाप शेषेराव तर तिचं नाव निघालं की गायीला पेंड घालाया उठतो. तुला खरं सांगते, ती गेली ह्याचं दुःख जुनं झालं. ती सुटली न्हाई ह्याचं दुःख जुनं व्हत न्हाई.

तुला हे ठाव नसंल. मानूस जाळताना ज्या दगडानं मडकं फोडत्यात त्यो जीवखडा. जाणाऱ्याचा जीव त्या खड्यात ऱ्हातो म्हणत्यात. दहा दिस जपायचा. धाव्याला पिंडाला कावळा शिवला की खडा नदीत सोडायचा, मंग मानूस मोकळं. तुझ्या मामांचा, म्हंजे आमच्या मालकांचा खडा मी माझ्या डोळ्यासमोर तेरणेत सोडवला. त्यांची मला काळजी न्हाई. पन उज्वलाच्या वक्ताला सगळ्या गावाला एका जागी लाकडं रचून जाळलं. कुणाचं मडकं न्हाई, कुणाचा खडा न्हाई. आमची पोरगी त्या रासंत कुठं व्हती तेबी मला कुणी दावलं न्हाई. माझ्या पोरीचा जीव कशात ऱ्हायला असंल, सांग. मी मरायच्या आधी तिला सोडवायची हाय. दुसरी कायबी इच्छा न्हाई.

आन् मला सांग, त्या हंकाच्या दगडावर ते खडे अजून तसेच कसे काय? कुणी सोडले न्हाईत का? तिच्या मागं कुणीच ऱ्हायलं न्हाई का? ध्यान करून उत्तर दे.

तुझी आत्या,
सिंधु


क्राकोव
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
दंडवत.

उशीर झाला, रागावू नकोस. इथं बर्फ, त्यात दोन ग्रुप, त्यात परवान्याची धावपळ. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस नीट जेवले नाही.

पण आता एक आनंदाची बातमी! लातूरच्या टूरवाल्यांचा ग्रुप मे महिन्यात येतोय आणि त्यात तू येतेस. हो, तूच. पप्पांशी बोलून झालंय, पासपोर्टचं बजरंगदादा बघतोय, आणि कावेरीबाईंनी नाव घातलंय, म्हणजे सोबतीलाही माणूस आहे. नाही म्हणायचं नाही. तुझ्या चटण्या आणायच्या तेवढ्या आण, विमानात त्यांचा वास सुटला तर माझं नाव सांगू नकोस.

गरम कपडे लागतील. साडीखाली पायमोजे घाल, लाजायचं नाही. क्राकोवला तुम्ही दोन दिवस आहात. पहिल्या दिवशी मीच फिरवणार आहे, आणि हलिनाबाईंना मी तुझ्याबद्दल इतकं सांगितलंय की त्या तुझी वाट बघतायत.

खड्यांचं विचारलं होतंस, ते सावकाश सांगते. इथं आलीस की उभं करून दाखवतेच.

तुझी,
ऋतू


नवं उंबरदरा
८ जून २०२५

चि. ऋतुजीस,
अनेक आशीर्वाद.

पोचले, दोन आठवडे झाले. हाडं मोजून घेतली, सगळी हायत.

अगं माय, काय ते देश! रस्त्यावर कागदाचा कपटा न्हाई आन् जेवनात मिठाचा कण न्हाई. कावेरीबाई म्हणली, ह्या लोकांना कुणी शाप दिलाय का काय. मी सगळ्यांच्या ताटात शेंगाचटणी वाढत गेले, त्यो आपला टूरवाला पोरगा बी माझ्याच मागं मागं. विमानात तुझं नाव सांगितलं बरं का.

तुझी हलिनाबाई लई गोड मानूस. माझे दोन्ही हात धरून कायतरी बोलली. मला कळलं न्हाई, पन तिला बी दुःख बघून बघून सवय झाल्याली दिसली. त्या खुर्च्यांवर मी बसले न्हाई हं, आन् आपल्या ग्रुपातल्या दोघांना हाताला धरून उठवलं.

तू हंकाच्या दगडापाशी मला उभी केलीस. नावावर माझं बोट फिरवलंस. मंग तू लई येळ बोलत व्हतीस, हात करून करून. तुझं तोंड हलताना दिसत व्हतं, वारा सुटला व्हता, आन् मला काय ऐकू येतंय? मी आपली मान हलवत ऱ्हायले. तुझ्या डोळ्यात पानी आलं, मंग माझ्या बी आलं. तेवढं पुरे.

ऋतू, मला लई हलकं वाटून राहिलं. घास ग्वाड लागतो. परवा दारात रांगोळी काढली तर कावेरीबाई म्हणली, काय गं, कुनाचं लगीन हाय? म्हणलं, हाय एकीची पाठवनी. ती हसली. तू मला तिकडं नेलंस ह्याचं पुन्य तुला लागंल. लई मोठं काम झालं तुझ्या हातनं. आता जास्त लिहीत न्हाई.

तुझी आत्या,
सिंधु


क्राकोव
१५ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
दंडवत.

जूनचं तुझं पत्र मी इथं सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. मला वाटलं, चला, आत्याला प्रवास मानवला. आज ते परत काढून वाचलं. मी सरळच विचारते, तूही मला सरळ सांग.

हंकाचा भाऊ आला होता.

मला माहीत होतं तिला भाऊ आहे, त्यांना मी कधी भेटले नव्हते. लेऑन त्यांचं नाव. भिंतीतल्या त्या गल्ल्यांत असताना ते तान्हे होते. आईनं त्यांना एका पोलिश बाईच्या पिशवीत घालून बाहेर दिलं. हंका मोठी होती, पिशवीत मावली नसती, ती आत राहिली. आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, स्वीडनमध्ये राहतात. यांचं नवीन वर्ष लागायच्या आधी हे लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर जातात, आपल्या पितृपंधरवड्याच्याच सुमाराला येतं ते. लेऑन दरवर्षी येतात.

मेच्या शेवटी हलिनाबाईंना हंकाच्या दगडावर खडे दिसले नव्हते. साफसफाईत कुणी हलवले असतील, ठेवतील परत, असं त्या म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. पण कुणी हलवले नव्हते. लेऑन आले, दगडासमोर उभे राहिले आणि खाली बसले ते बसलेच. काठी हातातून पडली. हलिनाबाई आणि मी धरायला गेलो तर म्हणाले, हात लावू नका. मग त्यांनी गुडघ्यांवर रांगत सगळं गवत चाचपून बघितलं. आत्या, मला ते बघवेना.

पोलीस आले. इथं अजूनही ज्यूंच्या कबरी नासवणारे लोक आहेत, तेव्हा कुणीतरी द्वेषानंच केलं असं सगळे धरून चाललेत. लेऑनपण. ते म्हणाले, मेल्यावरसुद्धा आम्हाला सोडत नाहीत.

तू तर काही केलं नाहीस ना? तू 'पाठवणी' लिहिलंयस. तू 'मोठं काम' लिहिलंयस. नाही म्हण, मी लगेच विश्वास ठेवीन. लेऑन रविवारपर्यंत आहेत.

तुझी,
ऋतू


नवं उंबरदरा
१७ सप्टेंबर २०२५

चि. ऋतुजीस आशीर्वाद.

मी कशाला काय करू. मला दिसत न्हाई धड, ऐकू येत न्हाई. पोलिसांना म्हणावं चोर धरा. आज इथं मुक्तिदिनाचं झेंडावंदन झालं, सगळं ठीक हाय. गुडघा दुखतो म्हणून थोडं लिवलं.

सिंधु


क्राकोव
१८ सप्टेंबर २०२५

आत्या,

तू चार ओळींचं पत्र जन्मात लिहिलं नाहीस. हंकाच्या भावाबद्दल मी इतकं लिहिलं आणि तू त्याच्याबद्दल एक अक्षरही विचारलं नाहीस. तू तशी नाहीस. तुला परक्याची कळ आधी लागते.

मी तुझ्यावर ओरडत नाही. माझीच चूक आहे, तू नोव्हेंबरात विचारलं होतंस आणि मी म्हटलं सावकाश सांगते. मग तिथं उभं राहून वाऱ्यात बडबडले आणि तू मान हलवलीस म्हणून समजले, कळलं. तुला ऐकू येत नाही हे मला माहीत असून! मोबाईलवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं असतं तर?

आता लिहिते, मोठ्या अक्षरात. या लोकांत कबरीला फुलं वाहत नाहीत. भेटायला आलेला माणूस जाताना एक खडा ठेवून जातो. खडा दिसला म्हणजे कळतं, या माणसाकडं कुणीतरी येतं, याला कुणीतरी आहे. जितके खडे जास्त, तितकी येणारी जास्त. ते सोडायचे नसतात, आत्या. ते तिथंच राहायचे असतात.

हंकाच्या दगडावरचा प्रत्येक खडा लेऑननी ठेवलेला होता. दर वर्षी एक, त्यांच्या तिकडच्या समुद्रकाठचा. बहिणीचा एक फोटोसुद्धा नाही त्यांच्याकडं. तिचा चेहरा त्यांना माहीत नाही. इतकी वर्षं तिचं-त्यांचं जे काही नातं होतं ते म्हणजे ते खडे.

तुझ्याकडं असतील तर फक्त एवढं सांग, आहेत. मी बजरंगदादाला पाठवून मागवते. एक जरी असला तरी. तुझ्या पाया पडते.

ऋतू


नवं उंबरदरा
२२ सप्टेंबर २०२५

ऋतू,

रविवार गेला. मला ठाव हाय. मी कागद घिऊन बसले आन् उठले, परत बसले. काल सर्वपित्री आमुशा व्हती, त्या दिवशी खोटं लिवनं झालं नसतं, आन् खरं लिवायला हात उचलंना.

मीच नेले.

तू पहिल्या पत्रात लिवलं व्हतंस, सहा वर्षांची पोर, काय सापडलं न्हाई, दगडावर खडे. मी म्हणलं, हे तर जीवखडे. लढाई होऊन एवढी वर्षं झाली आन् पोरीचे खडे कुणी नदीला न्हेले न्हाईत, म्हंजे तिला सगळ्या दुनियेत कुणीच उरलं न्हाई. नदी तर हाकंच्या अंतरावर. उज्वलासाठी मी रडते तरी, हिच्यासाठी रडनारं बी कुणी न्हाई. मी घरातनंच ठरवून निघाले व्हते. तुला सांगितलं न्हाई, कारन तू शिकल्याली, तू नगं म्हणली असतीस.

दुसऱ्या दिवशी सगळे खरेदीला गेले. मी कावेरीबाईला म्हणलं, मला देवदर्शनाला जायचं, आन् तिला घिऊन आदल्या दिवशीच्या वाटेनं परत तिथं गेले. ती बाहेर बाकावर बसली, तिला काय ठाव न्हाई, तिला बोल लावू नको. मी पायातलं काढून दगडापुढं बसले. हळदकुंकू वाह्यलं, वाईच, कुणाला दिसू न्हाई एवढं. आन् खडे पदरात घेतले. मंग त्या चालत जायच्या पुलावर आले आन् एकएक सोडला. दर खड्याला म्हणलं, जा माय, मोकळी हो. ऋतू, मी लई मायेनं सोडले. चोराच्या हातानं न्हाई सोडले.

एकच ठिवला. सगळ्यात लहान. वाटलं, ही बी सहाची आन् माझी बी सहाची, हिच्यासंगट माझी बी जाईल. पायमोज्यात घालून आनला. घरी दहा दिस देव्हाऱ्यात ठिवला. मंग भात शिजवला आन् एकटीच तेरणेवर गेले. बाईमानसानं हे करायचं नसतं, म्हणून कुणाला सांगितलं न्हाई. पिंड ठिवला आन् मी मागं बी सरले नव्हते तर कावळा शिवला. मालकांच्या येळी दुपार झाली व्हती कावळा येईस्तवर. मी नदीतच बसले आन् रडले. मंग खडा सोडला. धरनाचं पानी सोडलं व्हतं, नदी भरून चालली व्हती.

तवा एक जरी असला तरी म्हणून तू लिवलंस. एक बी न्हाई बाई.

त्या म्हाताऱ्याला काय सांगायचं ते तू ठरव. माझं नाव सांग. धरून न्हेत असतील तर येते मी.

सिंधु


क्राकोव
२९ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,

लेऑनना ताप आला होता, त्यामुळे ते रविवारी गेले नाहीत. तुझं पत्र आलं आणि मी त्यांच्या हॉटेलवर गेले. हलिनाबाई म्हणाल्या होत्या, सांगू नकोस, त्यांना चोर कोण हे कळून काय मिळणार आहे. पण आपल्याला कुणीतरी द्वेषानं लुटलं असं मनात धरून त्यांनी जावं, हे मला सहन होईना. मला वाटलं, मायेनं झालं हे कळलं तर त्यांना बरं वाटेल.

मी सगळं सांगितलं. उज्वलाचं, भूकंपाचं, जीवखड्याचं, पुलाचं, तेरणेचं. तुझं पत्र ओळ न् ओळ भाषांतर करून ऐकवलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

मला वाटलं आता रडतील किंवा रागावतील. ते म्हणाले, "तिला कुणीतरी आहे हे जगाला दिसावं म्हणून मी ते ठेवत होतो. इतके लोक बघून गेले. तुझ्या आत्याइतकं निरखून कुणीच बघितलं नसेल. आणि तिला काय दिसलं, तर हंकाला कुणीच नाही."

मी म्हटलं, तिला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "हो, तेच."

बरं नाही वाटलं त्यांना, आत्या. द्वेष असता तर त्यांना चीड तरी आली असती. चिडायला त्यांना कुणी उरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन पुलावर गेले. खाली बघत उभे राहिले. या वर्षी आणलेला खडा त्यांच्या खिशात होता, मला दाखवला. मी म्हटलं, आपण कबरीवर जाऊ, हा ठेवू. त्यांनी तो परत खिशात घातला. डॉक्टरांनी त्यांना पुढच्या वर्षी प्रवासाला नाही म्हणून सांगितलंय. एकच खडा ठेवला तर पहिल्यांदाच कुणी आल्यासारखं दिसेल, असं काहीतरी बोलले. दुपारच्या विमानानं गेले. दगड तसाच मोकळा आहे.

हलिनाबाईंनी पोलिसांना काही कळवलं नाही. तुला कुणी धरून नेणार नाही. मला मात्र त्यांनी सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. रागानं नाही. म्हणाल्या, तुला बघितलं की मला ते गवतात रांगताना दिसतात. परवाना आता वाढणार नाही. डिसेंबरात मी रेणापूरला येईन.

उद्या तीस तारीख, भूकंपाचा दिवस. जुन्या गावात जाशील तेव्हा काठी घेऊन जा, एकटी जाऊ नकोस.

ऋतू


नवं उंबरदरा
४ ऑक्टोबर २०२५

चि. ऋतुजीस,
आत्याचे आशीर्वाद घे, त्यात काय जीव असंल तर.

तुझं पत्र मी कावेरीबाईला वाचून दावलं. ती उठून घरी गेली. अजून आली न्हाई.

तुझी नोकरी मी घालवली. शेषेराव मला काय बोलणार न्हाई, गायीला पेंड घालाया उठंल. तू बोल. तू आलीस की माझ्या दारात उभी राहून मोठ्यानं बोल, मला तोंडावरनं कळंल.

त्या भावाचं मी परत परत वाचते. माझ्या मनात आलं व्हतं, आमच्या पडक्या उंबऱ्याचा एक दगड त्यांना पाठवावा. लगेच लाज वाटली. भूकंपाच्या टायमाला एक म्हाराज आलते. म्हणले, बाई, नदीतला कुठलाबी गोटा उचल, उज्वलाचा समज आन् सोड. मी त्यांच्या अंगावर धावून गेलते. म्हणलं, माझी पोरगी काय कुठलाबी गोटा हाय का? आन् मीच म्हातारपनी दुसऱ्याच्या बहिनीचा खडा उचलला आन् माझ्या पोरीचा म्हणून सोडला.

कावळा शिवला त्यो कुणासाठी शिवला, ऋतू? भुकेला असंल.

तुला एक सांगायचं ऱ्हायलं व्हतं. एवढी वर्षं ती घरात व्हती. लोकांना येडं वाटंल म्हणून मी बोलले न्हाई कधी. चुलीपाशी बसले की माझ्या पाठीला टेकून बसायची. माझं काम उरकस्तवर बसायची. मला वाटायचं, अडकून पडलीय बिचारी, हिला सोडवाया पायजे. त्या दिवशी नदीवर मी तिला म्हणलं, जा बाई आता, मागं बघू नको, आईची काळजी करू नको. ती गेली. तवापासनं पाठीला कुणी न्हाई. मला वाटलं, सुटली.

आता कळतंय, तिच्या हातात मी काय दिलंच न्हाई. ज्याच्यासंगट तिला पाठवलं त्यो खडा तिचा नव्हता. मी तिला नुसती घराबाहेर काढली. चार दिस झाले, चुलीपाशी पाठ करून बसते आन् हाका मारते, येत न्हाई.

तुझी आत्या,
सिंधु